अक्का सेफ चार्जर, मॉडेल चार

१ जानेवारी २००७, सोमवार

यंदा डायरी रोज लिहायची. मागच्या वर्षी पहिल्याच आठवड्यात बंद पडली, त्याला कारण पेन. यंदा पेन नवं आहे.

मुद्द्याचं. डिसेंबरात आई गावी अंगणात घसरून पडली. गाव आमचं कळवणच्या पुढे, घरात ती एकटी. शेजारच्या बयाबाई कोंबड्या हुसकायला आल्या म्हणून कळलं, नाहीतर तशीच पडून राहिली असती. काल ओझरला संध्याताईकडे त्यावर बैठक झाली. ताई माझ्याहून मोठी, म्हणून अध्यक्ष तीच. म्हणाली, आईला नाशिकला आणा, विषय संपला. आई म्हणाली, मी नाय येणार. माझ्या कोंबड्या हायेत, विहाराची झाडलोट माझ्याकडं हाय, बयाबाई हाय. तुमच्या सिडकोत गॅलरीत बसून मी काय रिक्षा मोजू?

शेवटी तोडगा निघाला. आईला मोबाईल द्यायचा. रोज संध्याकाळी सातला फोन करायचा. सलग दोन दिवस फोन बंद लागला, तर आईने मुकाट्याने पिशवी भरायची आणि नाशिकला यायचं. आईने सगळ्यांसमोर कबूल केलं. आई शब्द देते म्हणजे देते.

फोन चालू ठेवायची जबाबदारी मी घेतली. मी इलेक्ट्रिकल लाईनमध्ये अठरा वर्षं आहे. ताई म्हणाली, किशोर, तू डिस्पॅचला आहेस, पॅनलचे खोके बांधतोस. मी म्हणतो, खोक्यात काय असतं? इलेक्ट्रिकलच ना? शिवाय प्रत्येक खोक्यावर ‘ही बाजू वर’ असा बाण मी स्वतः चिकटवतो. उलटं काय आणि सुलटं काय, यात अख्ख्या अंबड एमआयडीसीत माझ्याइतका अनुभव कोणाला असेल असं वाटत नाही.

संकल्प: रोज डायरी. पहाटे फिरणं. आईचा फोन एकही दिवस बंद पडू न देणं.

२ जानेवारी

थंडी फार. फिरणं उद्यापासून.

५ जानेवारी, शुक्रवार

आईचा चार्जर जळाला.

फोन माझाच जुना आहे. त्याचं चार्जिंगचं भोक जरा जाम होतं, ते मी मागे टाचणीने साफ केलं, तेव्हापासून त्यात कुठलीच पिन बसत नाही. माल हलका, दुसरं काय. म्हणून आईला चिमट्याचा चार्जर दिला होता. फोनमधून बॅटरी काढायची, चिमट्याखाली दाबायची, चार्जरच्या दोन काड्या बॅटरीच्या प्लसला आणि मायनसला टेकवायच्या. झालं. आईने बॅटरी उलटी दाबली. फाट्यावरच्या एसटीडीवरून फोन करून म्हणाली, दिवा काय लागला नाय, पन वास लय सुटला.

चार्जर मनोजच्या दुकानातला. मनोज म्हणजे माझ्या बायकोचा, आशाचा भाऊ, त्रिमूर्ती चौकात मोबाईलचं दुकान आहे. त्याला झापलं. तो म्हणतो, दाजी, आता नवीन चायना आलेत. बॅटरी उलटी लावा, सुलटी लावा, तो आपोआप ओळखतो. एक देऊ का मावशींना?

म्हणालो, नको. लिथियमची बॅटरी म्हणजे खेळणं नाही, फुगते, पेट घेते. माझ्या आईच्या घरात चायना जाणार नाही. चार्जर मी बनवणार. असा बनवणार, की बॅटरी उलटी लागो, काड्या एकमेकींना चिकटोत, काही म्हणजे काही होणार नाही. आशा काहीच बोलली नाही. ती काही बोलली नाही म्हणजे पटलं.

६ जानेवारी, शनिवार

आमच्या कंपनीची साप्ताहिक सुट्टी शनिवारी. कामाला लागलो.

तोवरची सोय अशी: आईची आणि आशाची बॅटरी एकाच जातीची आहे. एक भरलेली बॅटरी सकाळच्या कळवण गाडीच्या कंडक्टरकडे द्यायची, आई फाट्यावर येऊन घेणार, रिकामी परतीच्या गाडीने पाठवणार. आमच्या गावाला डबे, औषधं, लग्नपत्रिका सगळं असंच जातं. कंडक्टरने आज पिशवी हलवून विचारलं, आत काय हाय? म्हणालो, करंट. त्याने पिशवी ड्रायव्हरकडे सरकवली.

मॉडेल एक तयार. आशाची लाल नेलपॉलिश घेतली. तसाच दुसरा चिमट्याचा चार्जर आणला, त्याच्या प्लसला लाल ठिपका, बॅटरीच्या प्लसला लाल ठिपका. लालला लाल. लहान मूलसुद्धा चुकणार नाही.

आशा म्हणाली, नेलपॉलिश लग्नात लावायची होती. कोणाच्या, ते विचारायचं राहिलं.

९ जानेवारी

मॉडेल एक एसटीने गावी पाठवलं, तरी आई चुकली, तेही जळालं. गावात लाईट येते ती सगळे झोपल्यावर, म्हणजे चार्जिंगची तयारी करायची ती चिमणीच्या उजेडात. आई म्हणते, त्या उजेडात मला लालबी काळं दिसतं आन् काळंबी काळं.

यावर खूप विचार केला. माणसाला बदलायला जाऊ नये. सर्किट बदलावं. हे वाक्य चांगलं झालंय, कुठेतरी वापरायला हवं.

१३ जानेवारी, शनिवार

शालिमारला जाऊन पार्ट्स आणले. मॉडेल दोन: डायोड.

डायोड म्हणजे एकदिशा मार्ग. करंट सरळ आला तर जाऊ देतो, उलटा आला तर अडवतो. दुकानदार म्हणाला, डायोड स्वतःपण थोडं व्होल्टेज खातो बरं का. म्हणालो, काम करणाऱ्याने थोडं खाल्लं तर चालतं.

घरातला चार्जर उघडून त्यातला ट्रान्सफॉर्मर काढून घेतला. आशा म्हणाली, मग माझा फोन कशावर चार्ज करू? म्हणालो, मॉडेल दोनवर. ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. अभिमान वाटत असावा.

बॅटरी मुद्दाम उलटी लावली. धूर नाही, वास नाही, काहीच नाही! मग सुलटी लावून ठेवून दिली. मल्टिमीटरने आकडा बघणार होतो, पण मल्टिमीटरचाच सेल संपलाय. अनुभवी माणसाला आकडा लागत नाही.

१४ जानेवारी, रविवार

सकाळी बॅटरी फोनमध्ये घातली. फोन सुरू होईना. थंडी आहे, बॅटरी गारठली असणार. ड्युटीला गेलो. डबा तसाच परत आणला. रात्री आशाने पानावर बोलावलं, भूक नाही म्हणालो. ती म्हणाली, अहो, एवढ्याशा बॅटरीवर कसला राग काढता? राग नव्हता. आईची पिशवी दिसत होती मला डोळ्यांसमोर, ती कापडी, फुलाफुलांची. तिला नाही यायचं इकडे. तिला त्या गॅलरीत बसलेली मला बघवणार नाही.

१५ जानेवारी, सोमवार

फुल्ल!!

संध्याकाळी घरी आलो तर आशाने फोन पुढे केला. चारही दांड्या. म्हणाली, तुम्ही गेल्यावर परत लावून ठेवली होती, बहुतेक सकाळी नीट बसली नव्हती. मी म्हणतच होतो. तीन पोळ्या जास्त जेवलो, वर तिळाचे लाडू.

आशाने सांगितलं, की दुपारी मनोजच्या दुकानात जाऊन आली. सहजच.

१८ जानेवारी

रोज तोच अनुभव. मी रात्री लावून ठेवतो, सकाळी शून्य. आशा दिवसा लावते, संध्याकाळी फुल्ल. निष्कर्ष: माझं सर्किट दिवसा जास्त चांगलं चालतं. कारण शोधावं लागेल. ऊन?

आशा हल्ली रोज मनोजकडे जाते. या वयात बहीणभावाचं प्रेम एवढं वाढलेलं मी पाहिलं नव्हतं.

२० जानेवारी, शनिवार

मॉडेल दोन एसटीने गावी रवाना. बरोबर सूचनांचा कागद, दोन्ही बाजूंनी लिहिलेला. आईला वाचता येतं, पण चष्मा बयाबाईंकडे असतो. दोघींत एक.

२३ जानेवारी, मंगळवार

घोळ. आईने चार्जर ठेवला कुठे, तर स्टीलच्या परातीत. का, तर जमिनीवर मुंग्या असतात. दोन्ही काड्या परातीला टेकल्या, शॉर्ट झालं, फ्यूज उडाला. इथपर्यंत ठीक, फ्यूज त्यासाठीच घातला होता. पुढे बयाबाईंनी फ्यूजच्या जागी बिस्किटपुड्याचा चकचकीत कागद गुंडाळून घातला. डायोडची राख झाली. बयाबाई म्हणे आईला धीर देत होत्या, आमच्या डीपीत वायरमन असंच करतो.

मी लिहिलेल्या कागदात परातीचा उल्लेख नव्हता हे खरं. जगातल्या सगळ्या भांड्यांची नावं मी कुठे लिहीत बसू?

बॅटऱ्यांची ने-आण एसटीने परत सुरू. कंडक्टर आता मला करंटवाले म्हणतो.

२४ जानेवारी

कंपनीत साहेबांनी बोलावलं. काल पॅक झालेल्या पॅनलवर बाण खाली तोंड करून चिकटवला होता. माल पुण्याला डोक्यावर उभा राहून पोचला. मी म्हणालो, साहेब, डोक्यात रिसर्च चालू आहे. ते म्हणाले, डोक्यात चालू ठेव, हात इकडे ठेव. मोठ्या कामाला असे अडथळे येतातच.

२८ जानेवारी, रविवार

दोन दिवस खपून मॉडेल चार पूर्ण. (मॉडेल तीनबद्दल लिहिण्यासारखं नाही. पडदा नवा घ्यावा लागेल.)

यात काय नाही? एका डायोडच्या जागी चार डायोड, चौकोनात. एकाने उलटा करंट अडतो, तर चारांनी चौपट अडणार, साधा हिशेब आहे. पुढे सेफ्टीला आणखी एक. शॉर्ट झालं तर करंट आवाक्यात राहावा म्हणून जाडजूड रेझिस्टर. शिवाय एक रेझिस्टर आडवा, जास्तीचा करंट त्यातून निघून जाईल. फ्यूज सोल्डर केला, आता बयाबाईंचा हात पोचणार नाही. सगळं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बसवलं, आतून टेप मारली, झाकणावर हिरवा दिवा. वर कंपनीतला एक बाण चिकटवला. ‘ही बाजू वर’.

नाव ठेवलं: अक्का सेफ चार्जर. आईचं नाव अक्काबाई, म्हणून.

टेस्ट घेतली. बॅटरी उलटी लावली: काही झालं नाही. काड्या शॉर्ट केल्या: काही झालं नाही. सुलटी लावली: काही झालं नाही. शंभर टक्के सेफ.

डबा वरून छान कोमट होतो. म्हणजे आत ताकद आहे.

३० जानेवारी

आशाने दिवसा लावून पाहिला. संध्याकाळी फुल्ल. मला काही विचारायचंच नव्हतं.

३ फेब्रुवारी, शनिवार

मॉडेल चार गावी रवाना. आशाने बरोबर छोटा डबा दिला, म्हणाली, आत्यांना लाडू. एवढ्याशा डब्यात लाडू बसणार किती? एक, फार तर दोन. आणि डबा हलवला तर खडखडतोय. कडक झाले असणार. असो. सुनेने सासूला काहीतरी पाठवलं याचंच कौतुक करावं.

१० फेब्रुवारी, शनिवार

आठवडा झाला. आईचा फोन रोज सातला, खणखणीत. एकदाही बंद नाही. एसटीने बॅटऱ्या पाठवणं थांबवलं. कंडक्टर म्हणाला, करंट संपला का? म्हणालो, आता तिकडेच तयार होतो.

आईला विचारलं, बॅटरी कशी भरते? म्हणाली, टम्म. उलटी लावली का कधी? म्हणाली, रोज कशी लागती काय म्हाईत, चिमणीत दिसत नाय, पन भरती. हेच! हेच तर मी म्हणत होतो!

मग म्हणाली, तुजा डबा लय गुनाचा हाय रं, एवढ्या थंडीत दहीबी मस्त लागतं. आईची ही सवय आहे, बोलता बोलता विषय बदलते.

१३ फेब्रुवारी

संध्याताईला फोन करून कळवलं, की आई गावात राहतेय ती माझ्या सर्किटवर. ताई म्हणाली, बरं. तिचं ‘बरं’ मी बरोबर ओळखतो. जळते.

पुढचे बेत. पेटंट. अंबडला लहानसा शेड. व्हिजिटिंग कार्ड: ‘अक्का इलेक्ट्रॉनिक्स, प्रोप्रायटर किशोर’. मनोजला एजन्सी द्यावी, मन मोठं करून. आशाला सांगितलं तर तिला एकदम ठसका लागला. पाणी दिलं.

पहाटे फिरणं मार्चपासून. मार्चमध्ये हवा चांगली असते.

२४ फेब्रुवारी, शनिवार

गावी जाऊन आलो. आशा आली नाही, तिच्या मावसबहिणीची हळद होती. (नेलपॉलिश यासाठीच हवी होती म्हणे.)

आई ठणठणीत. पाय अजून थोडा ओढते, पण अंगण झाडत होती. बयाबाई येऊन बसल्या, दोघी हसून हसून लाल. काय हसत होत्या ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. आई त्या घरात काय शोभते! इथेच राहायला हवी ती.

लाईटची पाळी हल्ली दुपारची. मॉडेल चार चुलीमागच्या फळीवर, हिरवा दिवा लागलेला. आईने त्याच्यावर पातेलं ठेवलं होतं, वर फडकं गुंडाळून. धूळ बसू नये म्हणून. किती जपते.

आणि खिडकीत काय? चायना! चिमटेवाला, लाल-हिरवे-निळे दिवे लुकलुकतायत, आणि त्यात आईची बॅटरी. माझं रक्त उकळलं. आईला म्हणालो, हा कोणाचा? ती बयाबाईंकडे बघून म्हणाली, बयाबाईचा. बयाबाई म्हणाल्या, माझा? आई म्हणाली, तुझाच नाय का. बयाबाई म्हणाल्या, हा हा, माझाच.

बयाबाईंकडे मोबाईल नाही, मग चार्जर कशाला, हे विचारणार होतो, पण म्हातारं माणूस, काहीही घेतं. दोघींना नीट समजावलं. लिथियम, फुगणं, स्फोट, सगळं. आई म्हणाली, राहू दे रे तो तिथं, काय खातोय का तुझं? मी ऐकलं नाही. आईच्या जिवाचा प्रश्न आहे. चायना पिशवीत टाकून घेऊन आलो, अभ्यासाला.

आई फाट्यापर्यंत पोचवायला आली. गाडी सुटताना काहीतरी म्हणत होती, ऐकू आलं नाही. हात हलवला.

२५ फेब्रुवारी, रविवार

ड्युटीवरून आल्यावर चायना उघडला. आत बोटाएवढी पट्टी आणि मुंगीएवढे पार्ट्स. यात सेफ्टी कुठे मावणार? परत बंद करताना मोडला. दर्जाच नाही.

आशाला सांगितलं नाही. बाईमाणूस, उगाच घाबरेल.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

सातला आईचा फोन. म्हणाली, किशोर, ते तू नेलेलं... मध्येच टुक टुक वाजलं आणि कट. रेंज गेली.

२८ फेब्रुवारी, बुधवार

बंद. रेंजच असणार. किंवा टॉवरलाही लोडशेडिंग.

१ मार्च, गुरुवार

आजही बंद.

कंपनीतून चार वेळा लावला. तीच ती बाई, तेच ते वाक्य. एसटीडीवाल्याला फोन केला, त्याने उचलला नाही. पडली असेल तर? अंगणात नाही, घरात, दार आतून लावून? मी नुसता उभाच राहिलो, हातात बाण. साहेब म्हणाले, जा घरी.

संध्याताईचा फोन येऊन गेला. दोन दिवस झाले, किशोर. उद्या सकाळी निघायचं, आईला घेऊनच यायचं.

आशाने विचारलं, तुम्ही शनिवारी आत्यांकडून काही आणलंत का? म्हणालो, काही नाही, एक हलका चायना होता बयाबाईंचा.

मग तिने सगळं सांगितलं. तो चायना बयाबाईंचा नाही, आईचाच. खडखडणाऱ्या डब्यात लाडू नव्हते, तोच होता, मनोजच्या दुकानातला. आणि त्याआधी इथे, जानेवारीपासून, मी कामावर गेलो की ती बॅटरी घेऊन मनोजकडे जायची, तिथे भरून आणायची. माझ्या एकाही मॉडेलवर बॅटरी एकदाही भरली नाही. मी विचारलं, मग सांगितलं का नाहीस? म्हणाली, कसं सांगू, तुम्ही जेवत नव्हता.

मी म्हणालो, मला थोडा अंदाज होताच. ती माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, नव्हता.

मनोजचं दुकान उघडं होतं अजून. ती चप्पल घालून गेली, मला बरोबर घेतलं नाही.

२ मार्च, शुक्रवार

पहिल्या गाडीने गेलो. मी, आशा. संध्याताई वाटेत ओझरला चढली. कंडक्टर मला बघून काही बोलणार होता, माझं तोंड बघून त्याने नुसती तिकिटं फाडली. मला फक्त आई उभी दिसायला हवी होती, बाकी काही नको होतं.

आई ओट्यावर बसली होती. धडधाकट. मला रडू आलं, सगळ्यांसमोर.

आईच्या शेजारी ती फुलाफुलांची पिशवी, भरलेली, तोंड बांधलेलं. कोंबड्या बयाबाईंच्या खुराड्यात पोचवून झाल्या होत्या, विहाराची किल्लीही त्यांच्याकडे. बयाबाई डोळे पुसत होत्या. आई म्हणाली, दोन दिस झाले ना, बोलले होते मी. चला.

कोणाचं नाव नाही घेतलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, चार्जर मी नेला हे चुकून ताईला कळू नये म्हणून. ताईने पिशवी उचलली.

मी म्हणालो, ताई, ठेव ती खाली. फोन आईने बंद नाही पाडला, मी पाडला. चालणारा चार्जर मी उचलून नेला आणि न चालणारा ठेवून गेलो. आईचा शब्द मोडलेला नाही.

वाक्य जरा मोठं झालं, पण एका दमात म्हणालो. आशाने माझा हात धरला.

ताईने पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, मग पिशवी किशोरची भरायला हवी. यालाच ठेवू इथे. आई म्हणाली, नको गं बाई, हा इथं राहिला तर गावाची उरलीसुरली लाईट जाईल. बयाबाई आधी हसल्या, मग सगळ्याच.

आशाने पर्समधून दोन नवे चायना काढले. एक चालू, एक जादा. लाईट मात्र यायची होती, मग आम्ही जेवलो. बयाबाईंनी भाकरी थापल्या, आईने पातेल्यावरचं फडकं सोडलं. घट्ट दही, सुरीने कापावं असं.

मी आईला विचारलं, मॉडेल चारवर कधीच भरली नाही? आई म्हणाली, एकदाबी नाय. मग फळीवर का ठेवलास? म्हणाली, गरम राहतो ना. थंडीत माझं दही लागायचं नाय, आता लागतं. आन् पोराने केलेलं फेकू कुठं? दिवा लागला की वाटतं, हाय कोनीतरी घरात.

अखेर लाईट आली. आईने बॅटरी हातात घेतली, माझ्याकडे बघून मुद्दाम उलटी केली आणि चिमट्यात दाबली. लाल-हिरवे-निळे लुकलुकायला लागले. मग तिने पिशवीचं तोंड सोडलं आणि एकेक लुगडं परत फळीवर ठेवायला लागली. ताईने शेवटचं तिच्या हातात दिलं.

३ मार्च, शनिवार

मल्टिमीटरला नवा सेल आणला. मॉडेल चारचा जुळा भाऊ इथे करून ठेवला होता, त्याच्या काड्यांवर मोजलं. बॅटरी भरायला चारच्या वर व्होल्ट लागतात. निघाले दीड.

मल्टिमीटर जुना आहे.

पेटंटचा विचार सध्या बाजूला. पहाटे फिरणं सोमवारपासून.

१० मार्च, शनिवार

सातला आईचा फोन, खणखणीत. पाय बरा. कोंबड्या परत आल्या, एक बयाबाईंकडेच रमली.

तुझ्या डब्याला गिऱ्हाईक आलंय, म्हणाली. मी उठून बसलो. बयाबाईंना एक हवाय, दह्यासाठी. पैसे देणार म्हणाल्या. आईने त्यांना माझ्या डब्याची सगळी माहिती सांगितली आहे: उलटा ठेव, सुलटा ठेव, काही म्हणजे काही होत नाही.

आशा ऐकत होती. तिला ठसका लागला. पाणी द्यायला उठलो नाही.

बयाबाईंचं पातेलं केवढं आहे, ते विचारून घ्यायला हवं.